खासबागेला पाठ लावून उभं असलेलं थिएटर

कोल्हापुरात कुणी "खासबागेत भेटू" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कशाला? कुस्तीला, नाटकाला की भेळ खायला? तिन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर आहेत. बाहेर रस्त्यावर भेळेच्या गाड्या आणि दुकानं. आत कुस्तीचं मैदान. आणि त्या मैदानाला पाठ लावून उभं असलेलं दगडी नाट्यगृह. पाटीवरचं नाव संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. आमच्या घरात आजोबा त्याला शेवटपर्यंत 'पॅलेस' म्हणायचे. "पॅलेसला नाटक लागलंय" एवढंच. राजवाड्याशी त्या वाक्याचा संबंध नसतो, हे मला पाचवी-सहावीत कळलं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह पेटलं. छत कोसळलं, रंगमंच जळाला, मैदानाच्या बाजूचं जुनं व्यासपीठही गेलं. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या रात्रीचे व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. ज्वाळांपेक्षा मला त्यातली माणसं जास्त आठवतात. रस्त्यावर उभी राहून रडणारे साठीचे नट, पडदा ओढणारे, ध्वनी सांभाळणारे, आणि नाटकाशी काही संबंध नसलेले पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकदा या स्टेजवर नाचलेले लोक.

तेव्हापासून एकच मागणी सगळीकडे ऐकू आली: जसं होतं तसं बांधा. मलाही तसंच वाटलं. पण मग प्रश्न पडतो, कुठलं 'तसं'? १९१५ सालचं? १९५७ सालचं? की आग लागण्याच्या आदल्या दिवशीचं? कारण ही तिन्ही वेगळी थिएटरं आहेत. भिंती त्याच, बाकी बरंच बदललेलं.

आधी त्या पाठीमागच्या मैदानाबद्दल बोलायला हवं. ते नसतं तर हे थिएटर या जागी नसतं.

१९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले. (तो समारंभ राजाच्या आजारपणामुळे पुढे ढकलला गेला. ठरलेली तारीख होती २६ जून, म्हणजे शाहू महाराजांचा वाढदिवस. प्रत्यक्षात झाला ९ ऑगस्टला, म्हणजे केशवरावांच्या वाढदिवशी. योगायोगच, पण कोल्हापुरी माणसाला असले योगायोग सोडवत नाहीत.) याच प्रवासात असताना, २६ जुलै १९०२ ला, मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा त्यांचा प्रसिद्ध आदेश निघाला. आणि याच प्रवासात त्यांनी रोममध्ये कोलोसियम पाहिलं आणि खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असं कोल्हापुरात कुणीही सांगेल. रिक्षावाला सांगेल, भेळवालाही सांगेल.

कोलोसियमची गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिच्यातला फरक कुणी सांगत नाही. रोमच्या त्या गोल इमारतीत कोण कुठे बसणार हे समाजातल्या जागेवरून ठरायचं. सिनेटर अगदी पुढे, मग सरदार, मग सामान्य नागरिक, आणि बायका व गुलाम सगळ्यात वर, जिथून खालचं काही धड दिसणार नाही. खासबाग उलट्या युक्तीने केलं आहे. मैदान बशीसारखं खोलगट, कडेकडेने चढत गेलेली जमीन, आणि मधोमध उंच केलेला हौदा. कुठेही फतकल मारून बसा, समोरच्याच्या डोक्यावरून कुस्ती दिसते. इथे राजघराण्यासाठी वेगळं व्यासपीठ होतंच, आपण उगाच भाबडं व्हायला नको. पण शेवटच्या माणसालाही दिसलं पाहिजे हा हिशेब जमिनीच्या उतारातच घातलेला आहे. मैदान १९१२ साली सुरू झालं.

आणि लगेच, १९१३ मध्ये, त्याच्या पाठीला लागून थिएटरचं काम निघालं. १९१५ मध्ये ते पूर्ण झालं. नाव ठेवलं पॅलेस थिएटर.

आपल्याकडे कुस्ती आणि संगीत नाटक या दोन वेगळ्या जगांतल्या गोष्टी समजल्या जातात. एकीकडे ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली तांबडी माती, दुसरीकडे अत्तर, शालू आणि ऑर्गन. पुण्या-मुंबईत या दोन जगांची माणसं सहसा एकमेकांच्या वाटेला जात नसत. कोल्हापुरात त्यांना एकच भिंत दिली गेली. शाहू महाराज स्वतः कुस्तीवेडे होते हे सगळ्यांना माहीत असतं. गाण्याची बाजू कमी सांगितली जाते. अल्लादियाखाँसाहेब त्यांच्या दरबारी गायक होते. तरुण बालगंधर्वांचा कान बिघडला तेव्हा मिरजेच्या इस्पितळात त्यांच्या उपचारांची सोय महाराजांनी केली. खासबागेपासून चार पावलांवर देवल क्लब आहे, तिथे आजही बैठकी होतात. म्हणजे हा परिसर मुळातच गाणं, नाटक आणि कुस्ती यांनी मिळून बनलेला.

आता थिएटरकडे.

त्या काळातल्या नाटक मंडळ्या म्हणजे चालतंबोलतं गाव होतं. नट, साजिंदे, आचारी, शिंपी, पडदे रंगवणारे, सगळं बिऱ्हाड गावोगाव फिरायचं. मुक्काम महिना महिना. प्रयोग कुठे होणार, तर एखाद्या वाड्याच्या चौकात, कापडी मंडपात, नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये. मराठी नाटकाची सुरुवात १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी संस्थानाच्या आश्रयाने केली, पण नाटकासाठी पक्कं घर मिळायला वेळ लागला. मुंबईत ग्रँट रोडवर १८४६ साली थिएटर उभं राहिलं आणि समोर चौकट, मागे रंगवलेला पडदा, पुढे प्रेक्षक ही विलायती मांडणी आपल्या नटांनी पाहिली. भाव्यांनी तिथे प्रयोगही केले. पुढे हीच मांडणी मराठी नाटकाने इतकी आपलीशी केली, की आज ती परदेशी आहे हे सांगावं लागतं.

अशा वेळी एका संस्थानाच्या गावात दगडी, कायमचं, मोठ्या रंगमंचाचं थिएटर उभं राहणं ही साधी गोष्ट नव्हती. पॅलेस थिएटरबद्दल जुनी माणसं दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, प्रेक्षागृहात मधे खांब नाही. दुसरी, आवाज शेवटपर्यंत पोचतो.

दोन्हींचं मोल कळायला १९१५ च्या प्रयोगाची कल्पना करून बघा. माईक नाही. नाटक रात्री सुरू होतं आणि वन्समोअर मिळत गेले तर पहाट होते. नट बोलतो, गातो, आणि तो सगळा आवाज फक्त त्याच्या फुफ्फुसांतून येतो. खांब असला तर तो नुसता नजरेच्या आड येत नाही, आवाजही अडवतो. कपडे घातलेली शेकडो माणसं समोर बसली की ती आवाज शोषून घेतात, मोठ्या रजईसारखी. म्हणून हॉल किती खोल, छत किती उंच, भिंती किती कडक यावर नटाचा घसा किती वर्षं टिकणार हे ठरायचं. नाट्यगृहरचनेत एक ढोबळ नियम सांगतात: रंगमंचापासून साधारण वीस मीटरच्या पुढे बसलेल्याला नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसेनासे होतात. जुन्या थिएटरांची मापं माणसाच्या डोळ्यांच्या आणि घशाच्या ताकदीवरून आलेली आहेत. हॉल हेच एक वाद्य होतं म्हणा.

रंगमंचाचीही तीच गोष्ट. संगीत नाटकाला रुंद, खोल रंगमंच लागायचा तो रंगवलेल्या पडद्यांसाठी. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ, एकामागे एक गुंडाळलेले. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू या कामात इतके गाजले, की 'पेंटर' हेच त्यांचं आडनाव झालं. पडद्यावर खोली कशी दाखवायची, उजेड कुठून आल्यासारखा रंगवायचा, हे ज्याला कळतं त्याच्या हातात कॅमेरा आला तर काय होईल? बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. त्या कंपनीत घडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलालांनी १९२९ साली कोल्हापुरातच 'प्रभात' सुरू केली. मराठी सिनेमाचा इतिहास कॅमेऱ्यापासून सुरू करतात, मला वाटतं तो नाटकाच्या पडद्यापासून सुरू करायला हवा.

केशवराव भोसल्यांचं नाव या वास्तूला नंतर मिळालं. तो माणूस या थिएटरच्या आयुष्यात फार थोडा वेळ होता. जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूरचाच. घरची गरिबी, म्हणून अगदी लहानपणी स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत भरती. देवलांच्या 'शारदा' नाटकात या पोराने शारदेचं काम केलं आणि तो रातोरात माहीत झाला. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची भूमिका, करणारा मुलगाही तिच्याच वयाचा. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत त्याने स्वतःची कंपनी काढली, ललितकलादर्श. तेव्हा वय सतरा. आज या वयात आपण अकरावी-बारावीच्या क्लासला असतो.

८ जुलै १९२१ ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रात्रीसाठी एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. या प्रयोगावर मराठीत इतकं लिहिलं गेलंय, की मी आणखी भर घालत नाही. पण पुढच्या तारखा बघा. ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव विषमज्वराने गेले, वय ३१. ६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले, वय ४७. थिएटर बांधणारा राजा आणि ज्याचं नाव त्याला मिळालं तो गायकनट, दोघे सात महिन्यांत गेले. इमारत तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती.

पुढची शंभर वर्षं ती दुसऱ्यांनी चालवली.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. 'पॅलेस' हा शब्द त्यानंतर तसाही पोरका होता. १९५७ साली थिएटरला केशवरावांचं नाव दिलं गेलं. राजवाड्याचं नाव जाऊन त्या जागी एका गरीब घरातल्या नटाचं नाव आलं. शहरांची नावं बदलण्यावर आपण इतकं भांडतो, हे नामांतर मात्र शांतपणे पचलं. (आजोबा सोडून.) पुढे इमारत महापालिकेकडे आली, आणि माझ्या मते तिचं खरं आयुष्य इथूनच सुरू झालं.

त्याच काळातल्या इतर जुन्या थिएटरांचं काय झालं ते पाहिलं की हे पटतं. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस सिनेमा थिएटर झालं, मग १९९० च्या दशकात बंद पडलं, २०१६ साली पुन्हा उघडलं. काळबादेवीचं एडवर्ड सिनेमा थिएटर झालं. पुण्याचं विजयानंद सिनेमा थिएटर झालं, किर्लोस्कर थिएटरचं वसंत टॉकीज झालं. बहुतेक ठिकाणी बोलपटाने नाटकाला बाहेर काढलं. कोल्हापूर तर सिनेमाचं माहेरघर, तरी इथलं हे घर नाटकाकडे राहिलं. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका, गाण्याचे कार्यक्रम, सत्कार, शाळांची गॅदरिंग्ज. मुंबईहून आलेला व्यावसायिक प्रयोग आणि दिवसा बँकेत नोकरी करून रात्री तालमी करणाऱ्यांचा प्रयोग, दोन्ही त्याच रंगमंचावर.

मी इथे प्रकाशयोजना शिकले. कॉलेजच्या एकांकिकेसाठी शिडीवर चढून दिवे फिरवायचे, खालून दिग्दर्शक ओरडणार, "डावीकडे, अजून डावीकडे, तुझ्या डावीकडे नाही!" प्रेक्षकाला जे कधी दिसत नाही ते वरून दिसतं. लाकूड, दोऱ्या, वर्षानुवर्षांची धूळ, काळ्या झालरी, विंगा, आणि त्या सगळ्याच्या मधे हाताला चटका बसेल इतके तापलेले दिवे. विजेच्या नव्या तारा जुन्यांच्या शेजारून गेलेल्या. थिएटर म्हणजे जळायला रचून ठेवलेली गोष्ट असते, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यात रंगमंचावरची उंच मोकळी जागा धुराड्याचं काम करते: खाली ठिणगी पडली की ज्वाळा वर खेचल्या जातात आणि छत धरतात.

जगभरात हेच झालंय. लंडनचं ड्रुरी लेन १६७२ आणि १८०९ मध्ये जळलं, कॉव्हेंट गार्डन १८०८ आणि १८५६ मध्ये. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये १९०३ साली सहाशेहून जास्त माणसं मेली. कोल्हापुरात त्या रात्री प्रयोग चालू नव्हता, एवढं एक आपलं नशीब.

या यादीतलं व्हेनिसचं ला फेनिचे मला इथे महत्त्वाचं वाटतं. नावाचा अर्थच फिनिक्स, आगीतून उठणारा पक्षी, कारण ते १७९२ मध्ये उघडलं तेच आधीच्या एका जळलेल्या थिएटरच्या बदल्यात. १८३६ मध्ये ते जळलं आणि वर्षभरात पुन्हा उभं राहिलं. २९ जानेवारी १९९६ ला पुन्हा जळलं. शेजारचा कालवा सफाईसाठी कोरडा केलेला, त्यामुळे पाण्याच्या शहरात बंबाच्या बोटी जवळ पोचू शकल्या नाहीत. तिथेही हीच मागणी झाली: होतं तसं, होतं तिथे. व्हेनिसमध्ये ही घोषणा जुनी आहे. सेंट मार्क चौकातला मनोरा कोसळला होता तेव्हाची. तो कोसळला १४ जुलै १९०२ ला, शाहू महाराज युरोपात होते तेव्हाच.

फेनिचे २००३ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा उघडलं. पण 'होतं तसं' म्हणजे नेमकं कसं, हे ठरवताना त्यांना एक अनपेक्षित पुरावा उपयोगी पडला: विस्कोंतीचा १९५४ चा 'सेन्सो' हा सिनेमा. त्याचा सुरुवातीचा प्रसंग प्रत्यक्ष या थिएटरमध्ये चित्रित झाला होता. त्या चौकटी थांबवून थांबवून कारागिरांनी नक्षी आणि रंग पाहिले.

आपल्याकडे पुनर्बांधणी सुरू झाली आहे आणि चर्चाही. माझ्या ओळखीतले काही जण म्हणतात, संधी आलीच आहे तर हजार-दीड हजार खुर्च्यांचं भव्य करून टाका. मला हे पटत नाही. खुर्च्या वाढवल्या की हॉल खोल होतो, हॉल खोल झाला की माईक अटळ होतो, आणि भाडं वाढलं की बँकेत नोकरी करून नाटक करणारा पहिला बाहेर पडतो. उलट छताचं लाकूड होतं तसं लाकूडच हवं, हा हट्टही मला नको. पोलाद घाला, न पेटणारे पडदे घाला, तारा पूर्ण नव्या, पाण्याची सोय, बाहेर पडायला रुंद दारं. नूतनीकरणं याआधीही झाली. खुर्च्या बदलल्या, दिवे बदलले, वातानुकूलन आलं, तेव्हा कुणी इमारतीचा आत्मा गेला म्हणून रडलं नव्हतं. जपायचं ते माप. रंगमंचाची रुंदी, खांब नसलेला हॉल, शेवटच्या रांगेचं अंतर, दगडी भिंत. आणि ती पाठ, जिच्या पलीकडे तांबडी माती आहे. तिथलं व्यासपीठ हे थिएटरचं मागचं अंग आहे, वेगळं काम नाही. कुणी सोयीसाठी मधे पार्किंग घातलं तर नाट्यगृह वाचेल, पण १९१३ सालची कल्पना गेली.

फेनिचेकडे एक 'सेन्सो' होता. आपल्याकडे हजारो आहेत, पण ते फोनमध्ये पडलेत. गॅदरिंगचे फोटो, प्रयोगानंतरचे ग्रुप सेल्फी, कुणाच्या तरी भाषणाचा हललेला व्हिडिओ. चेहऱ्यांच्या मागे बघायचं: रंगमंचाच्या चौकटीचा कोपरा, बाल्कनीचा कठडा, दारावरची कमान. मी माझ्या जुन्या फोनमधून शोधले तर अकरा निघाले. सात निरुपयोगी, त्यात फक्त आमचे दात आहेत. तिघांत भिंत दिसते. एक मी शिडीवरून काढला होता, खाली रिकामा रंगमंच, मधोमध खडूने केलेली फुली, आणि तिच्या शेजारी कुणीतरी ठेवलेला चहाचा ग्लास. तो फोटो मात्र कामाचा आहे, कारण त्यात रंगमंचाच्या फळ्या मोजता येतात.